कौतिक भगत आणि लोखंडी पाटील

गुडघा दुखतो म्हणून दवाखान्यात निघालेला माणूस, गुडघा दुखतो हे गावाला कळू नये म्हणून, पुढच्या फाट्यापर्यंत पायी चालत जातो, असं कुठे ऐकलंय का? कौतिक भगत जायचा. गावच्या फाट्यावर बस थांबायची, त्याच्या डोळ्यांसमोरून निघून जायची, आणि हा गडी धोतराचा सोगा हातात धरून, मिशा वर करून, तालमीतून आल्यासारखा रस्त्याच्या कडेने चालू लागायचा. पुढच्या फाट्यावर ओळखीचं कुणी नसे. तिथे तो हळूच एस.टी.च्या दांड्याला लोंबकळून वर चढायचा आणि पहिल्या सीटवर धपकन बसायचा. कंडक्टर हात देऊ लागला की म्हणायचा, "राहू दे रे, दांडा गरम आहे का बघत होतो."

याला कारण होतं. कौतिक साधा माणूस असता, म्हणजे तुमच्या-आमच्यासारखा दोन एकर केळी आणि चार बिघे कापूस एवढाच असता, तर लंगडला तरी कोण विचारणार? पण तो बारागाड्यांचा भगत होता. चैत्रात मरीमायची यात्रा भरते, तेव्हा बारा बैलगाड्या एकीला एक बांधतात. बैल सोडतात. गाड्यांवर गाव चढतं: बाया, बापे, लेकरं, पाहुणे, आणि ज्यांना गावाशी काही देणंघेणं नाही असे फुगेवालेसुद्धा. आणि पहिल्या गाडीच्या जुवाला पाठ लावून, अंगाला हळद फासलेला भगत ती सगळी माळ ओढत देवळापर्यंत नेतो. दोन बाजूंना दोन बगले असतात, त्याचे हात धरून. बापाच्या मागे कौतिकच हे काम करत आला होता. आता अशा माणसाने 'गुडघा गेला' म्हणायचं तरी कोणत्या तोंडाने?

शिवाय गुढीपाडव्याला देवळासमोर भगताच्या ओटीत नारळ घालतात. त्या दिवसापासून गाड्या ओढून होईपर्यंत तो नारळ त्याच्याकडे. तोवर भगताशी कुणी भांडायचं नाही, त्याच्या वाटेत उभं राहायचं नाही, त्याचा शब्द मोडायचा नाही, थट्टेतही त्याच्यावर हात उचलायचा नाही. हा रिवाज गाव इतका पाळायचं की कौतिकला त्या दिवसांत पत्त्यांच्या डावात त्याच्यावर कुणी हुकूमच मारत नसे. बिचाऱ्याला करमायचं नाही. वर्षभर ज्यांच्याशी बांधावरून कचाकचा भांडायचं, तेच लोक चैत्रात "हो आबा, हो आबा" करतात म्हटल्यावर माणसाने जगायचं कसं?

जळगावच्या हाडांच्या डॉक्टरकडे जायला चोपड्यात बस बदलावी लागे, आणि दुसरी बस कधी येईल हे देवाला आणि आगारप्रमुखाला, दोघांनाही ठाऊक नसायचं. स्टँडसमोर लोटनचं दुकान होतं. लोटन म्हणजे कौतिकच्या बायकोचा, यशोदाबाईंचा धाकटा भाऊ, कौतिकचा मेहुणा. आधी तो व्हीसीआर भाड्याने द्यायचा. लग्नाची कॅसेट, पिक्चरची कॅसेट, सगळं. मग घरोघरी केबल आली आणि लोटनच्या व्हीसीआरवर कोंबड्या बसू लागल्या. तेव्हा त्याने मुंबईहून व्हिडिओ गेमची दोन मशिनं आणली, टीव्हीला जोडली, दाराला निळा पडदा लावला, आणि आत केळीच्या ट्रकचे ड्रायव्हर, सुट्टीवरचे कंडक्टर आणि कॉलेजात नाव घालून कॉलेज न पाहिलेले तरणे अशी सगळी मंडळी जमू लागली.

मारामारीच्या कॅसेटी बऱ्याच होत्या, पण सगळ्यांच्या उड्या एकीवर. तिच्यात माणसं नव्हतीच. नुसते रोबोट. एकाच्या हाताला करवत, एकाचे डोळे दिव्यासारखे, एकाचा पाय स्प्रिंगचा. त्यांची इंग्रजी नावं कुणी वाचली नाहीत. पाठीवर टाकी असलेला आणि नळीतून आग सोडणारा होता, त्याचं नाव 'फवारणी', कारण कपाशीवर पंप मारणारा गडी थेट तसाच दिसतो. लांब पायांचा तो 'नाकतोड्या'. आणि एक होता भला थोरला, पोट पुढे आलेला, पाऊल टाकायला अर्धा तास घेणारा. समोरचा तीन उड्या मारून येईस्तोवर हा फक्त मान वळवायचा. त्याचं नाव 'पाटील'. त्याला कुणी घ्यायचंच नाही.

पहिल्या दिवशी कौतिक पडद्यामागे बसला तो सावलीसाठी. दुसऱ्या खेपेला लोटन म्हणाला, "दाजी, नुसतं काय देखतस? धरा रिमोट. हाई बटन बुक्कीनं, हाई लाथनं, आन हाई पकडाले."

कौतिकने पाटील घेतला. लाथेचं बटन त्याने शेवटपर्यंत दाबलं नाही. गुडघ्याला जपायची सवयच झाली होती. तो एवढंच करायचा: मार खात खात पुढे जायचं, समोरच्याला पकडायचं, आणि भिंतीपर्यंत रेटत न्यायचं. रेटताना स्वतःच खांदा तिरका करायचा, दात ओठ खायचा, आणि खुर्ची कुरकुरायची. फेरी संपली की घामाने अंगरखा पाठीला चिकटलेला. जळगावची बस आली आणि गेली. लोटनने सांगितलं, "दाजी, बस गई." कौतिक म्हणाला, "जाऊ दे. दुसरी व्हयी."

डॉक्टरकडे तो मग एकदाच गेला. डॉक्टरने फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाला, "बाबा, गुडघ्यातली गादी झिजली आहे. आता ओझं ओढायचं नाही." कौतिकने विचारलं, "बारा गाड्या चालतील का?" डॉक्टरला वाटलं म्हातारा विनोद करतोय. तो हसला. कौतिकही हसला. काय करणार?

पण त्या खेळात त्याला काय सापडलं होतं ते ऐका. टीव्हीवर प्रत्येक रोबोटच्या डोक्यावर एक पट्टी असते. भरलेली पट्टी म्हणजे पूर्ण दम. मार बसला की ती आखडत जाते. कुणात किती जोर उरलाय, हे आल्यागेल्याला, चहा घेऊन येणाऱ्यालाही दिसतं. कौतिक कधी कधी खेळता खेळता थांबून त्या पट्टीकडेच बघत राहायचा. आपल्या डोक्यावर अशी पट्टी असती तर? हळद लावून जुवाला पाठ टेकली की सगळ्या गावाने वर पाहिलं असतं. मग तो स्वतःलाच समजवायचा, बरं आहे बाबा, नाही ते. आणि पाटलाला पुढे ढकलायचा.

इकडे गावात मात्र वेगळाच फवारा सुरू झाला होता.

भिकुबाईने नळावर यशोदाबाईंना गाठलं. "यशोदा, तुना नवरा चोपडाले कोनाकडे जास व?"

"बियाणं देखाले जास."

"एवढं बियाणं? मना दीर सांगे, तुना भाऊना दुकानले निळा पडदा शे. तठे तो घुसस, आन घामाघूम व्हयीसन बाहेर निंघस. मी काही बोलत नही बाई. मी फक्त सांगस."

भिकुबाई कधीच काही बोलत नाही, फक्त सांगते. यशोदाबाईंचा हंडा भरून वाहू लागला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. नवऱ्याच्या आधी भावाचा राग आला, पडदा त्याचा! पण पाडवा होऊन गेलेला. नारळ घरात. भगताला जाब विचारायचा नाही, आणि बायको झाली म्हणून काय तिला वेगळा रिवाज? त्यांनी जीवरामला बोलावलं.

जीवराम भाऊबंदांतला, कौतिकचा चुलत पुतण्या. केळीचे घड ट्रकमध्ये भरायचा. खांद्यावर घड असा ठेवायचा की जणू टोपी ठेवतोय. गाड्यांच्या वेळी कौतिकचा उजवा हात धरणारा बगला तोच. कमी बोलणारा. म्हणूनच यशोदाबाईंनी त्याला निवडला.

"तू ट्रक भराले चोपडाले जास ना? देखी ये जरा. पन त्यास्ले काही बोलू नको."

जीवराम गेला, पडदा बाजूला केला, आणि आत टीव्हीच्या उजेडात आपला भगत दात ओठ खाऊन बसलेला पाहिला.

"आबा?"

"बस. बोलू नको. पाटील मरी ऱ्हायना."

लोटनला आनंदच झाला. जीवराम त्याचं जुनं गिऱ्हाईक. ट्रक भरून झाला की अंगाला केळीचा चीक तसाच घेऊन यायचा आणि ड्रायव्हरांना रडवून जायचा. लोटनने दुसरा रिमोट त्याच्या हातात दिला. "दाजी, आते सांभाळा. आठला ड्रायव्हर, बठ्ठाच्या बठ्ठा, याले घाबरतस."

कौतिकच्या मिशा फुलल्या. खरा गडी मिळाला होता. जीवरामने फवारणी घेतला. फेरी सुरू झाली. पाटील एक एक पाऊल टाकत निघाला. फवारणी दोन उड्या मारून मागे सरला, एकदा आग सोडली तीही वरून गेली. पाटलाने पकडलं, रेटलं, भिंत. कौतिक जिंकला. पुन्हा लावलं. पुन्हा कौतिक. तिसऱ्यांदा तर फवारणी नुसताच मधोमध उभा, पाहुण्यांच्या स्वागताला उभं राहावं तसा.

लोटन पोट धरून हसला. "जीवराम, तुना हात कोनी बांधी ठेयेल शेत का? काल त्या पंजाबना ड्रायव्हरले तू उभा ऱ्हावू दिधा नही!"

कौतिक हसत होता, तो मध्येच थांबला. म्हणाला, "मार."

"मारस ना आबा."

"मारत नही तू. नुसता उभा ऱ्हास. मार!"

जीवरामने रिमोट खाली ठेवला. मान खाली घातली. म्हणाला, "कसा मारू आबा? नारळ शे तुमनाजोडे."

आता खरं म्हणजे यात रागवण्यासारखं काय होतं? पोरगा रिवाज पाळत होता. टीव्हीतल्या रोबोटपर्यंत पाळत होता, एवढंच. लोटनला तर हे इतकं आवडलं की त्याने येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला ते सांगितलं. पण कौतिक उठला, चपला शोधू लागला, आणि त्याला त्या पायांतच असूनही सापडेनात.

परतीच्या बसमध्ये दोघं शेजारी बसले. जीवराम खिडकीशी. कौतिकच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. माझ्यासमोर उभं राहून, हात न उचलता, हे पोरगं मला जिंकवतं आणि मला तीन फेऱ्या कळत नाही. मग जिथे मी डोळे मिटून, देवीचं नाव घेत, मागे न बघता असतो, तिथे काय?

"जीवराम."

"हां आबा."

"गेल्या साले गाड्या कोनी वढ्यात?"

"तुम्हीच वढ्यात आबा."

"आन तू काय करे?"

"मी तुमना हात धरेल व्हता."

"नुसता धरेल व्हता?"

बाहेर केळीच्या बागा मागे मागे पळत होत्या. जीवराम त्या अशा बघू लागला, जणू केळीचं झाड त्याने जन्मात पाहिलं नाही. मग फाटा आला. "उतरा आबा, गाव उनं," तो म्हणाला. आणि उतरताना त्याने कौतिकच्या काखेत हात घातला, अगदी सहज, न बघता, रोजचं काम करावं तसा. कौतिकला तो हात ओळखीचा वाटला. गेल्या वर्षी जुवाला पाठ लावून चढावर पाय घसरला होता, तेव्हा याच जागी हाच हात होता, आणि अंग एकदम हलकं झालं होतं. त्याला वाटलं होतं, मरीमाय आली.

घरी यशोदाबाई उंबऱ्यातच बसल्या होत्या. जीवरामचं तोंड बघून त्यांनी काय तो अर्थ काढला, आणि रिवाज गेला चुलीत.

"कोन शे ती?"

"कोन?"

"चोपडावाली."

"ती नही व. पाटील शे तो. लोखंडना."

यशोदाबाईंनी जीवरामकडे पाहिलं. जीवरामने मान हलवली: खरं आहे. हे ऐकून बाईमाणसाने समाधान मानावं की डोक्याला हात लावावा? त्यांनी दोन्ही केलं. मग कौतिकने बाजेवर बसून सगळं सांगून टाकलं: डॉक्टर, फोटो, गादी. गुडघ्यात गादी असते हे ऐकून यशोदाबाईंना तेवढंच नवल वाटलं.

"तुमना गुडघा गया, हाई माले नवं सांगू नका. तेल कोन चोळस?"

"मंग बोलनी का नही?"

"तुम्ही कधी पुसं?"

आणखी एक गोष्ट कौतिकला तिला विचारायची होती. ती दरवर्षी गाड्यांवर बसायची; जोर खरा कोणाचा लागतो, ते तिला वरून दिसत असेल. पण विचार ओठांपर्यंत यायचा आणि तो पाणी मागायचा. पाण्याचे तांबेच्या तांबे प्यायला, पण विचारलं नाही.

ते दिवस त्याने कसे काढले ते घरच्यांनाच ठाऊक. केळीत जायचा आणि खोडाला खांदा लावून उभा राहायचा. रेटायचा नाही, नुसता उभा. बारागाड्या सोडायच्या, म्हणजे काय सोडायचं? उद्या लग्नात पहिलं पान कुणाला वाढतील? वाटेत 'भगत' म्हणून कोण हाक मारेल? नुसता कौतिक उरला तर त्या कौतिकला तो स्वतःच नीट ओळखत नव्हता. आणि न सोडावं, तर पुन्हा जुवाला पाठ लावायची आणि प्रत्येक पावलाला मनात विचारायचं: हे माझं, की त्याचं?

हळदीच्या आदल्या दिवशी देवळासमोर गाव जमलं. छगन नाना मधोमध बसलेले. यात्रेचा सगळा कारभार त्यांच्याकडे, आणि कान एक गेलेला, त्यामुळे त्यांना सोयीचं तेवढंच ऐकू येई. कौतिक उठला, ओटीतला नारळ काढला, आणि जीवरामसमोर जाऊन उभा राहिला.

"ओटी कर."

जीवराम मागे सरला. देवळापुढे इतकी शांतता झाली की भिकुबाईसुद्धा काही सांगत नव्हती.

"कौतिक," नाना म्हणाले, "भगत जिता शे तोवर नारळ फिरत नही. असं कधी व्हयनं नही."

"नाना, मना गुडघा गया. मी जोर लावस, पन तो गाडीले लागत नही."

"मंग कोनले काय समजस? पोरं शेतस ना बाजूले. तू नुसता उभा ऱ्हाय. गावनं काम व्हयी जाई."

नानांनी हे मायेनेच म्हटलं. पण कौतिकला जे कुणी सांगत नव्हतं, ते नानांनी आपल्या बहिऱ्या कानामुळे भर सभेत मोठ्याने सांगून टाकलं होतं. बसलेल्यांनी माना खाली घातल्या. एकानेही नाना काय बोलताय असं विचारलं नाही. कौतिक त्या माना बघत राहिला. मग हळूच म्हणाला,

"नाना, नारळ कोनाजोडे शे?"

"तुनाजोडे."

"यात्रालोंग मना शब्द कोनी मोडाले पाहिजे का?"

"नही."

"मंग मोडू नका. ओटी कर रे जीवराम."

आता काय करणार? रिवाज मोडायचा तर रिवाजच आडवा आला. जीवरामने उपरणं पसरलं. नारळ ठेवताना कौतिक वाकला तेव्हा तो पुटपुटला, "आबा, मनावर राग धरू नका."

"राग नही रे. तू माले जितू दिधं, तेच माले लागनं."

यात्रेच्या दिवशी कौतिकला कुठे उभं राहावं कळेना. पुढे जावं तर बगले हळदीत न्हालेले; मागे जावं तर लोक बाजूला होऊन वाट देत होते, जणू तो पाहुणा आहे. शेवटी यशोदाबाईंनी शेवटच्या गाडीवरून हाक मारली, "या ना वर. आठे जागा शे."

आणि खरंच, इतक्या वर्षांत बारागाड्यांवर तो कधी बसलाच नव्हता. गावातलं तान्हं पोर बसलं असेल, पण कौतिक नाही. दोघांनी हात देऊन त्याला वर ओढला. लोटन चोपड्याहून आला होता, तो म्हणाला, "दाजी, तुम्ही बसनात, आते गाड्या जड व्हयन्यात!" लोक हसले, कौतिकही हसला, आणि त्याच्या लक्षात आलं की त्याची थट्टा करायला आता परवानगी आहे. वाईट नाही वाटलं. थोडंसं बरंच वाटलं.

"आठे धरा," यशोदाबाईंनी त्याचा हात गाडीच्या साटीच्या लाकडावर ठेवला. "पहिला झटका पोटमा बसस. दात दाबी ठेवा."

दूर पुढे, माणसांच्या डोक्यांवरून, जीवरामची पिवळी पाठ दिसत होती. डफ घुमला. "मरीमाय की जय!" पाठ वाकली. काही हललं नाही. कौतिकची स्वतःची पाठ ताठ झाली, मांडीच्या शिरा आवळल्या. किती वेळ लागतो हा! तिथे असताना कधी वेळ कळला नव्हता. पुन्हा जय झाला. मग कुठून तरी लाकडं करकरली, एका गाडीने दुसरीला, दुसरीने तिसरीला ओढ दिली, आणि यशोदाबाईंनी सांगितला होता तस्सा झटका येऊन पोटात बसला. गाव ओरडलं. धूळ उडाली. कौतिकने तोल सावरायला मागे हात टाकला आणि मागे पाहिलं.

गाडीच्या मागच्या लाकडाला माणसं होती. भाईदास शिंपी, पिठाच्या गिरणीवाला, शाळेतला शिपाई. खांदा लावून रेटत होती. लपूनछपून नाही, बंद पडलेली जीप ढकलावी तशी, आपसांत बोलत, हसत. आणि पुढे जीवराम होता, ज्याला घडाचं ओझं टोपीएवढं वाटतं, ज्याचे दोन्ही गुडघे धडधाकट होते; तरीही मागून हे खांदे लागलेलेच.

कौतिक बघतच राहिला. म्हणजे गेल्या वर्षीच नाही. मग त्याच्या आधी? आणि त्याच्याही आधी, जेव्हा त्याच्या मांड्या जात्यासारख्या होत्या तेव्हा? आणि बाप?

"दरवर्साले?" त्याने विचारलं.

"काय दरवर्साले?"

त्याने मागे बोट दाखवलं. यशोदाबाईंनी वळून पाहिलं, पदर सारखा केला, आणि पुन्हा पुढे तोंड केलं. "माले काय माहीत? गाडीवर बसनं म्हनजे बठ्ठा पुढेच देखतस."

त्यांच्या आवाजावरून काही कळेना. इतक्या वर्षांच्या संसारातही काही गोष्टी बायकोच्या आवाजावरून कळत नाहीत.

खाली भाईदास शिंप्याचं लक्ष वर गेलं. थेट भगताशी, म्हणजे कालच्या भगताशी, नजरानजर झाली. तो चपापला. चोरी पकडल्यासारखे त्याने दोन्ही हात लाकडावरून काढले, कुडत्याला पुसले, आणि नुसताच गाडीमागून चालू लागला. गाडी जरा मंदावली. पुढे देवळाकडचा चढ लागत होता.

कौतिकने एकदा दूरच्या पिवळ्या पाठीकडे पाहिलं. मग मागे वाकून, डफात दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये एवढ्याच आवाजात म्हणाला,

"हात कसाले काढा रे भाईदास? लाव. चढ शे."